एकच फ्लॅशबॅक ठेवायचा आहे

बाबा,

१. मी पटकथा लिहिली. मुलगी चिखलीला येते, वडिलांचं मोटर-वायंडिंगचं दुकान विकते, परत जाते.
२. वडील आधीच वारलेले आहेत. म्हणून ते फक्त फ्लॅशबॅकमध्ये येतात.
३. फ्लॅशबॅक अकरा झाले.
४. दिग्दर्शिका म्हणाली, एकच ठेव.
५. कोणता, ते सोमवारी सांगायचं आहे.

दिग्दर्शिका पुण्याची आहे आणि तिचं चुकलेलं नाही. "अगं, वडील गोड आहेत, पण ते आले की गोष्ट थांबते," ती म्हणाली. तुमच्या हयातीतही हीच तक्रार होती. फ्लॅशबॅकचा नियम साधा आहे. समोरचा प्रसंग अडतो तिथूनच मागे जायचं, अडलेलं सुटेल एवढंच घेऊन यायचं आणि निघालो त्याच जागी परतायचं. तुम्ही मागे जायचात हे नक्की. परतण्याची हमी नसे. स्वयंपाकघरात वरण उकळतंय, आई पळी घेऊन उभी आहे. "मीठ आणलं का?" ती विचारते. तुम्ही चप्पल काढता. "आता मी निंघालो दुकानातून, तं बसस्टँडवर तुह्या भावाचा साडू भेटला..." "आणलं का नाई, येवढंच सांगा." "तिकडंच येऊन राह्यलो ना! तं त्यानं बैल घेतला होता..." त्या दिवशी आम्ही अळणी वरण जेवलो. बैलाचं पुढे काय झालं, ते मला आजही पाठ आहे.

दहावीच्या सुट्टीत मी दुकानात बसायचे. एका शेतकऱ्याने जळालेली मोटर आणली. मी मीटर लावलं आणि सांगितलं, "काका, वायंडिंग जळाली. नवी तार भरावी लागेल. उद्या या." तो गेला. मी त्याला उपाशी पाठवल्यासारखं तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. "येवढ्यात संपवलं? आता तो घरी जाऊन काय सांगीन?" मग तुम्ही समजावलंत. विहीर सामायिक असते, भावाभावांच्या पाण्याच्या पाळ्या असतात, आणि ज्याच्या पाळीत मोटर जळते, दोष त्याचा. म्हणून मोटर उघडण्याआधी तिचा इतिहास काढायचा आणि दोष इतका मागे न्यायचा की तो कुठल्याच जिवंत माणसावर पडू नये.

दुसऱ्या दिवशी तो शेतकरी आणि त्याचा भाऊ, दोघे भांडतच आले. "याच्या पाळीत जळाली, यानंच जाळली," थोरला म्हणाला.

"तू काऊन बोंबलतं बे? तुह्या पाळीतच घुरघुरत होती!"

तुम्ही चहा सांगितलात. मी कपाळाला हात लावला.

"याच्या आधी कवा जळाली होती?" तुम्ही विचारलंत.

"बाप होता तवा."

"हं. म्हंजे तवा भरली, तवाच कच्ची भरली. तुमचा दोघायचा काई संबंध नाई." दोघांचे चेहरे सैल झाले. इथे थांबला असतात तर फ्लॅशबॅक निर्दोष होता. पण थांबणं तुम्हाला कधी जमलंय? "कोनाकडून भरली होती?"

भावांनी एकमेकांकडे पाहिलं. धाकटा हळूच म्हणाला, "तुमच्याकडूनच ना हो, काका."

चहा आला. तुम्ही तो शांतपणे संपवलात. "बरं झालं, सापडलं," म्हणालात आणि मोटर फुकट भरून दिलीत. संध्याकाळी दोघे भाऊ एकाच मोटरसायकलवर, मधे मोटर धरून, हसत घरी गेले. आईला मात्र तुम्ही ही गोष्ट बैलापासून सुरू करून सांगितलीत.

दिग्दर्शिकेला दवाखान्यातला फ्लॅशबॅक हवा आहे. तांत्रिकदृष्ट्या तो उत्तम आहे. छोटा आहे, नेमक्या जागी सुरू होतो, नेमक्या जागी संपतो, लोक रडतील. पण त्यात तुमच्या तोंडावर मास्क आहे, तुम्ही एक शब्द बोलत नाही. भावांचा लांब आहे. दुकान विकलं जाण्याशी त्याचा संबंध मला जोडता येत नाही. आणि जो ठेवीन तेवढेच तुम्ही त्या सिनेमात असाल.

एक सांगते. अकराच्या अकरा मी गोष्टीसाठी लिहिले नव्हते. लिहिताना तुमचा आवाज ऐकू येतो, एरवी आता येत नाही.

हे पत्र मी कुठेही टाकणार नाही. तरी रविवार संध्याकाळपर्यंत कळवा, दवाखान्यातला ठेवू की भावांचा. उत्तर लांबलं तरी चालेल.