सेझानचा अर्धा डोंगर

१३ ऑक्टोबर २०२४, रविवार

धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या कार्यक्रमात रवीने सगळ्यांसमोर विचारलं, "दादाराव, मुलगी काय करते सध्या?" म्हणालो, "शिकते." काय, ते सांगितलंच नाही. कसं सांगणार? कॉम्प्युटर इंजिनिअर झालेली माझी मुलगी मैत्री चांगला जॉब सोडून ब्रुकलिनच्या आर्ट स्कूलमध्ये डोंगर रंगवते! बाबासाहेब इथेच, नदीपलीकडे मॅनहॅटनमध्ये, अर्थशास्त्र शिकले. तिला हेच सुनावलं होतं. तर म्हणे, "शिका म्हणाले ना ते, पप्पा? काय शिकायचं ते मला ठरवू द्या."

त्यानंतर आठ महिने बोललेलो नाही.

२० ऑक्टोबर

जेवताना माझी बायको राधा म्हणाली, "पोरगी ज्या चित्रावर अभ्यास करतेय, ते एकदा बघून तरी या. मग खुशाल शिव्या द्या."

नाही जाणार.

२५ ऑक्टोबर, शुक्रवार

गेलो. ऑफिसात डेंटिस्टचं कारण सांगून.

मॅनहॅटनचं म्युझियम. मंद उजेडाची खोली, भिंतीवर एवढासा कागद — सेझान नावाच्या फ्रेंच माणसाने जलरंगात काढलेला डोंगर. आणि अर्धा कागद कोरा! निळे-हिरवे चार फराटे. यासाठी जॉब सोडला?

शेजारच्या पाटीवर वाचलं — बाप बँकवाला. मुलाला वकिलीला घातलं, मुलाने सोडली. मग गावाजवळचा हा एकच डोंगर पुन्हा पुन्हा रंगवत बसला. बापाला काय वाटलं, ते मात्र पाटीवर नाही. कोण लिहिणार! माझा बाप नागपूरच्या गिरणीत राबला. मी त्याचा शब्द मोडला नाही.

१ नोव्हेंबर, शुक्रवार

पुन्हा गेलो. का, माहीत नाही.

या वेळी समोरच्या बाकावर तासभर बसलो. त्या कोऱ्या जागेत ऊन आहे! रंगवलेलं नाही, नुसतं राहू दिलेलं. गेल्या वेळी दिसलंच नव्हतं. फार राग आला. कोणाचा, ते कळेना.

मैत्रीला हे दिसलं असणार. पहिल्याच दिवशी. रविवारी फोन करतो तिला.

३ नोव्हेंबर

नाही केला. बाप मी आहे. आधी तिने करावा.

७ नोव्हेंबर

राधाच्या फोनवर मैत्रीचा मेसेज — स्कूल सोडलं, सोमवारपासून बँकेच्या आयटीत जॉइन होते.

मीच फोन लावला. म्हणालो, "सोडू नको गं."

ती म्हणाली, "ब्रशसुद्धा देऊन टाकले, पप्पा. हेच हवं होतं ना तुम्हाला?"