बियाण्यासाठी आशीर्वाद न घेण्याचे हमीपत्र

प्रति,
मा. कृषी अधिकारी,
जिवाणू खत वाटप विभाग,
प्रादेशिक कृषी कार्यालय, आत्लापा, मेक्सिको.

विषय : घेवड्यासाठी जिवाणूंची पाकिटे विनाअट मिळण्याबाबत.
संदर्भ : आपले पत्र, "आशीर्वादित बियाण्यावर जिवाणू मरतात, सबब वाटप बंद."

महोदय,

अर्जदार देल्फिना क्वाउत्ले, राहणार सान लोरेन्सो, ही गावातील घेवडा पेरणाऱ्या बायकांच्या वतीने हा अर्ज सादर करीत आहे. आपले पत्र तिने चर्चच्या अंगणात सर्वांना मोठ्याने वाचून दाखविले. आधी हसू आले, मग राग आला. राग अद्याप कायम आहे.

१. गतसाली आपल्या कार्यालयाने जिवाणूंची काळी भुकटी दिली. गुळाच्या पाण्यात कालवून बियाण्याला चोळा, मुळांवर गाठी धरतील, हवेतले नत्र पिकाला मिळेल, विकतचे खत लागणार नाही, असे सांगितले. बायकांनी सांगितल्याबरहुकूम केले. मात्र दुसऱ्याच दिवशी सान इसिद्रोचा सण होता. शेतकऱ्यांच्या या संतापुढे बियाणे ठेवून पाद्रीबाबांचा आशीर्वाद घेतल्याशिवाय आमच्याकडे पेरणी होत नाही. त्या दिवशी बाबांची गाडी घाटात बंद पडली. ते येईपर्यंत चोळलेले बियाणे चर्चच्या अंगणात भर उन्हात उघडे पडून राहिले. पुढे घेवडा पिवळा पडला आणि गावाने वर्षभर मक्याच्या तोर्तिया नुसत्या मिरचीशी खाल्ल्या.

२. एकट्या डोन्या रेमेडियोस यांचे वावर हिरवेगार होते. पाय मोडल्याने त्या सणाला आल्या नव्हत्या. त्यांचे चोळलेले बियाणे स्वयंपाकघरात, सावलीत होते. आपले निरीक्षक तेथे आले तेव्हाचे बोलणे जसेच्या तसे देत आहे. निरीक्षक म्हणाले, "म्हणजे आजी, आशीर्वाद घेतला नाही म्हणूनच पीक आलं. लिहून घेतो." त्यावर डोन्या रेमेडियोस म्हणाल्या, "अरे बाळा, तुला दिवसभर त्या अंगणात उघडा बसवला तर तूसुद्धा आडवा होशील. त्यात संताचा काय दोष? हेही लिही की!" साहेबांनी फक्त स्वतःचे लिहिले.

३. आता वाटप पुन्हा सुरू करण्यासाठी आपण हमीपत्र मागता की "बियाणे कोणत्याही संतापुढे ठेवणार नाही." अर्जदार त्यावर सही करणार नाही. गावात कोणीच करणार नाही. यंदा आशीर्वाद सकाळी, कोरड्या बियाण्याला. भुकटी त्यानंतर, सावलीत, आणि लगेच पेरणी, असे ठरले आहे. पाद्रीबाबांनाही हे पटले. ते तर म्हणाले, "पाकिटातले जीव मला वेगळे आणून द्या. त्यांनाही देतो आशीर्वाद, पण आत, गारव्याला." जे बाबांना कळले ते आपल्या कार्यालयाला कळू नये, याचे वाईट वाटते.

४. सण तोंडावर आला आहे. तरी पाकिटे विनाअट पाठवावीत. न पाठविल्यास कळविण्यात येते की, डोन्या रेमेडियोस यांनी स्वतःच्या वावराचे फाटक सर्वांसाठी उघडले आहे. त्यांच्या घेवड्याच्या मुळांखालच्या मातीत ते जिवाणू जिवंत आहेत. काल बायका ती माती ओल्या फडक्यात बांधून घरोघर घेऊन गेल्या. तीच बियाण्याला चोळू. जिवाणू आता गावचे झाले आहेत. त्यांचे वाटप बंद करणे आपल्या हाती राहिलेले नाही.

आपली, नम्रपणे सही नाकारणारी,
देल्फिना क्वाउत्ले
सान लोरेन्सो, दि. २ मे

सोबत : १) कोरे हमीपत्र.
२) वरील मातीची पुरचुंडी, कार्यालयाच्या दारातल्या कुंडीसाठी. पोच द्यावी.