थकवा नावाची अफवा

२ सप्टेंबर. सकाळी सहा.
आजपासून दुपारची झोप बंद. अंगणातल्या आंब्याला बांधलेली झोपायची झोळी सोडली, गुंडाळली, कपाटावर टाकली. ऊस तोडणारा थकतो, पोती उचलणारा थकतो. त्यांच्यापुढे मी टोपी काढतो. पण खुर्चीत बसून डोकं चालवणारा माणूस ‘थकलो’ म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत असतो. डोक्याला ना स्नायू, ना घाम. थकवा ही आळशी लोकांनी उठवलेली अफवा आहे आणि सबंध मोका गाव रोज दुपारी एक ते तीन तिच्यावर विश्वास ठेवतं.

पाच ऑक्टोबरपासून साल्सेदोच्या क्लबशी डॉमिनो. तीन रविवार. दोन जिंकेल ती जोडी राजधानीला, राष्ट्रीय स्पर्धेला. आमची जोडी म्हणजे मी आणि एलिखियो न्हावी. सत्तावीस वर्षं समोरासमोर बसतोय. त्याच्या मुलाचा मी बाप्तिस्म्यातला धर्मपिता, म्हणून तो मला कोंपादरे म्हणतो, मी त्याला. राजधानीच्या टेबलावर एकदा बसायचं, एवढंच दोघांचं राहिलंय.

३ सप्टेंबर.
झोळी परत आंब्याला. फ्रेदेस्विंदाने बांधली आणि स्वतःच तीत झोपली. बायको असली तरी तत्त्व ते तत्त्व, म्हणून शेजारी उभा राहून समजावलं. ती डोळे न उघडता म्हणाली, मिल्सियादेस, भाषण संपलं की उठव.

७ सप्टेंबर.
ट्रेनिंग सुरू. पहाटे पाच ते दुपारी एक, सलग. रोमचा इतिहास, तीन आकडी गुणाकार, अठ्ठावीस सोंगट्यांच्या वाटण्या. थकवा शून्य. नंतर टीव्हीवर मालिका बघितली. मुद्दाम. जनता किती मठ्ठ गोष्टी बघते ते कळावं म्हणून. पाच भाग.

११ सप्टेंबर.
भाची योकास्ता आली. सान्तियागोला डॉक्टरकी शिकते, त्यामुळे मामाला शिकवण्याचा तिला अधिकार. म्हणे, खूप वेळ डोकं लावलं की मेंदूच्या पुढच्या भागात काही द्रव्यं साचतात, विश्रांतीत ती हटतात, असं काही संशोधकांना वाटतं. दुसरे म्हणतात, थकवा ही खूण आहे. मेंदू सांगतो की आता या कामात राम नाही, सोपं काहीतरी कर. म्हणून दमलेला माणूस समोर येईल ते उचलतो. मी विचारलं, मग खरं कोणतं? ती म्हणाली, नक्की अजून कोणालाच ठाऊक नाही, मामा. मी म्हणालो, संपलं.

जाताना मामीला, म्हणजे फ्रेदेस्विंदाला, हळूच सांगत होती की याच्यावर लक्ष ठेव. ऐकू आलं.

१६ सप्टेंबर.
क्लबमध्ये लाजिरवाणा प्रकार. टेबलावरच्या रांगेच्या दोन टोकांपैकी कुठेही बसेल अशी सोंगटी हातात असेल तर लावायची. नसेल तरच टेबल ठोकून पाळी सोडायची. पाच वर्षांचं पोरही हे जाणतं. औषधवाल्या अनिबालने तीन तास खेळून हातात सोंगटी असताना ठोकलं. म्हणे, डोकं दमलं होतं. मी उभा राहिलो. वीस मिनिटं बोललो. या गावात माणूस प्रार्थनेत घोरला तर चालतं, असं ठोकलं तर नाही, असं म्हणालो. ठराव मांडला: असं करणारा वर्षभर क्लबकडून खेळणार नाही. एकमताने पास. एलिखियो एकटा कुजबुजला, कोंपादरे, जरा सावकाश घे.
न्हावी शेवटी न्हावी.

२४ सप्टेंबर.
ट्रेनिंग आता दहा तास. कोपऱ्यावरच्या दुकानात अॅव्होकॅडो आणायला गेलो, बल्ब आणले. घरात बल्बही लागतातच. जेवताना फ्रेदेस्विंदाने विचारलं, भाताची खरपूड हवी का? मला उत्तर ठरवता येईना. याला खोल विचार म्हणतात. तिने सगळी खरपूड स्वतः खाल्ली.

३० सप्टेंबर.
एलिखियोला फैलावर घेतलं. हा माणूस रोज दुपारी दुकानाचं दार ओढून खुर्चीत वीस मिनिटं घोरतो. मी विचारलं, राजधानीला जायचंय की नाही? तो म्हणाला, जायचंय म्हणून तर झोपतो. असल्या माणसाला ओढत न्यायचंय मला.

५ ऑक्टोबर. दुपारी दीड.
सकाळपासून साडेचार तास खेळ. बरोबरीत. शेवटचा डाव तीनला. एलिखियो क्लबच्या बाकावर झोपलाय, तोंड उघडं. साल्सेदोचे दोघेही झोपलेत. मूर्ख. मी डोकं गरम ठेवण्यासाठी गुणाकार करतोय. हे लिहिताना वहीच्या रेघा थोड्या हलतायत. कागद स्वस्तातला आहे.

६ ऑक्टोबर.
काल लिहिलं नाही. मुद्दाम.

झालं ते असं. टेबलावर दोन्ही टोकांना पाच. माझ्या हातात एकच सोंगटी. मी टेबल ठोकलं. मग साल्सेदोवाल्याने ठोकलं, एलिखियोने ठोकलं, दुसऱ्या साल्सेदोवाल्याने ठोकलं. डाव अडला म्हणून सगळ्यांनी सोंगट्या उघड्या केल्या. माझी निघाली पाच-पाच.

लावली असती तर हात मोकळा, डाव आमचा, रविवार आमचा. दोन्ही साल्सेदोला गेले.

अनिबाल खुर्ची पुढे ओढून बसला. एलिखियो त्या सोंगटीकडे बघत राहिला, मग ती उचलून त्याने इतर सोंगट्यांत मिसळली, तोंडं खाली करून.

कारण साधं आहे. मी पाचांचा इतका मूलभूत विचार करत होतो की हातातली पाच-पाच हा किरकोळ तपशील ठरला. याचा थकव्याशी संबंध नाही.

८ ऑक्टोबर.
क्लबचं पत्र. माझाच ठराव, माझ्याच शब्दांत. भाषा उत्तम आहे.

९ ऑक्टोबर.
एलिखियो आला नाही. सत्तावीस वर्षांत गुरुवार चुकला नव्हता. फ्रेदेस्विंदा म्हणाली, दोन शब्द बोलून ये, आणि दोन म्हणजे दोनच. माफीचं भाषण लिहायला घेतलं. अकरा पानं झाली.

११ ऑक्टोबर. दुपार.
एलिखियो आला. मी पानं घेऊन दारात उभा. पहिलं वाक्य सुरू केलं, तर त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, फ्रेदेस्विंदा उठली का? उद्या दुसरा रविवार आहे, तुझ्या जागी क्लबने तिचं नाव लिहिलंय, थोडी प्रॅक्टिस करावी म्हणतो.

मी म्हणालो, आत पलंगावर झोपली आहे.
तो म्हणाला, मग थांबतो. आणि माझ्या झोळीत आडवा झाला.

अडीच वाजलेत. आत ती घोरतेय, बाहेर तो. मी पायरीवर, अकरा पानं मांडीवर घेऊन, टक्क जागा आहे.
जिंकलो.