गालिच्याचा खरा रंग

अगं,

गालिचा दर महिन्याला धुतलाच पाहिजे, घराची अब्रू त्यावर असते, असं माझं ठाम मत आहे. हे मत आज सकाळपासूनचं आहे.

माझ्या हातून चहा सांडला म्हणून मी हॉलमधल्या गालिच्याचा एक कोपरा साबणाने घासला. खालून निळा निघाला. मोरपंखी निळा, आई इतकी वर्षं म्हणत आली तसा. "आई, मातकट आहे गं तो, तुला आता रंग कळत नाहीत," असं मीच म्हणालो होतो. सून म्हणून तू निदान गप्प बसलीस. मुलगा म्हणून मी हसलोसुद्धा. तेव्हापासून तिने विणकाम सोडलं, लोकरीचा रंग चुकेल म्हणून.

आत्ता ताई तिला डोळे दाखवायला घेऊन गेलीय. फोन उचलत नाहीत, म्हणून मीच दवाखान्यात निघालोय. लोकरीची पिशवी माळ्यावरून काढून तिच्या पलंगावर ठेवलीय. माफी कशी मागायची ते वाटेत ठरवतो. आम्ही आलो की तू फक्त "आम्हाला काय माहीत होतं" एवढं म्हणू नकोस.

बाकीचा गालिचा अजून मातकटच आहे. साबण संपलाय.