गनाश फाटलं तर

इस्पितळ, दुसरा मजला
३ मार्च

तीर्थस्वरूप बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

मला इथे मोठ्या इस्पितळात ठेवून घेतलंय, हे धाकटीने तुम्हाला फोनवर सांगितलं म्हणे. माझी बहीण काय बोलली आणि तुम्ही काय ऐकलंत यात किती अंतर पडलं असेल कोण जाणे, म्हणून सगळं लिहूनच कळवते. बाळ अजून फार लहान आहे. डॉक्टरबाई म्हणतात, जितके दिवस पोटात राहील तितकं चांगलं. तोवर मी खाटेवरून उठायचं नाही. कुशीवर वळायचं तेही नर्सबाईंना विचारून. तुमचे चिरंजीव जहाजावरून उतरायला अजून वेळ आहे. त्यांना मी एवढंच कळवलंय, की आराम करतेय. तुम्हीही तेवढंच कळवा.

आता एक काम. फुलवाल्या बाईंच्या आईचा नव्वदावा वाढदिवस बावीस तारखेला आहे. त्यांना जाऊन सांगा, की केक आणि कपकेक माझ्याच्याने होणार नाहीत, दुसरं कुणी बघा. कपाटातलं चॉकलेट समोरच्या न्हावीदादांना देऊन टाका. खरं सांगू? हे केकचं काम आता बंदच करावं म्हणते. ओट्यापाशी उभी राहून राहून हे झालं असं कुणी म्हणत नाही, पण माझ्या मनात येतं.

वेळेवर जेवा. आणि कानातलं यंत्र कानात घालायचं असतं, खिशात नाही.

लोभ आहेच, तो तिथून जरा जास्त पाठवा.
तुमची सूनबाई


घर
७ मार्च

चि. सौ. सूनबाई हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. आधी दोन घोट पाणी पी, मग पुढचं वाच.

तू सांगितल्याप्रमाणे फुलवाल्या बाईंकडे गेलो. दुकानात गिऱ्हाईक होतं, नळाखाली बादल्या भरत होत्या, आणि यंत्र (तुझं खरं आहे) खिशात होतं. मी म्हणालो, सूनबाई इस्पितळात आहे. पुढचं बोलायच्या आत त्या बोलायला लागल्या. बराच वेळ बोलल्या. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. मला वाटलं, तुझी चौकशी करतायत. मी आपला मान हलवत राहिलो. मग त्यांनी माझे दोन्ही हात धरले, मला एक गुलाब दिला आणि मी घरी आलो.

संध्याकाळी न्हावीदादा येऊन माझं अभिनंदन करायला लागले. म्हणाले, बाईंनी अख्ख्या गल्लीत सांगितलंय, की सून नाही तर मी केक करून देणार आहे. बाईंनी तेच विचारलं होतं आणि मी तीनतीनदा हो म्हणून आलो होतो!

दुसऱ्या दिवशी यंत्र घालून पुन्हा गेलो. पण म्हातारी स्वतः दुकानात बसली होती. तिने मला जवळ बोलावून सांगितलं, की तिला दात नाहीत, आणि तुझं चॉकलेट तोंडात ठेवलं की चावावं लागत नाही. आता यावर कोण नाही म्हणेल? बेकरीवाले साधा केक आणि कपकेक भाजून द्यायला तयार आहेत. वरचं चॉकलेट मात्र त्यांना येत नाही. तेवढं सांग. मी जन्मभर बस चालवली, भरलेली बस घाटातून उतरवली, तर एक पातेलं नाही का उतरवणार?

कळावे, रागावलीस तरी कळावे.
तुझे बाबा


इस्पितळ
१० मार्च

तीर्थस्वरूप बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून कपाळावर हात मारून घेतला. रागावले, हे लपवत नाही. त्या केकवर माझं नाव जातं, बाबा. इतकी वर्षं जपून मिळवलंय ते. घरात चहा उतू जाऊ न देता तुम्ही एकदाही केलेला मला आठवत नाही. रागाच्या भरात धाकटीला सांगितलं, की आत्ताच्या आत्ता जाऊन बाईंना नाही म्हणून ये. पण मग शेजारच्या खाटेवरच्या बाईंना तुमचा गुलाबाचा किस्सा सांगितला आणि त्या पोट धरून हसल्या. इथे आल्यापासून त्या पहिल्यांदा हसल्या. तेव्हा धाकटीला थांबवलं. आता लिहून घ्या. वरच्या त्या चॉकलेटला गनाश म्हणतात.

काळं चॉकलेट सुरीने बारीक चिरा, अगदी चुऱ्यासारखं. मोठे तुकडे राहिले तर ते विरघळायचे नाहीत. कपकेकसाठी जितकं चॉकलेट तितकंच क्रीम, वजनाने. मोठ्या केकवर लिंपायचं असेल तर चॉकलेट थोडं जास्त. क्रीम मंद आचेवर ठेवा. उकळू द्यायचं नाही. कडेला बारीक बुडबुडे आले, की लगेच खाली उतरवून चॉकलेटवर ओता. आणि मग हात लावायचा नाही. तुम्हाला हेच अवघड जाणार. दोन-तीन मिनिटं तसंच राहू द्या, मग मधोमध लहानसा गोल ढवळायला लागा. आधी सगळं पांढरं-काळं, भलतंच दिसेल. घाबरू नका. मधूनच चकाकी धरेल आणि कडेपर्यंत पसरेल. शेवटी लोण्याचा छोटा गोळा. भांड्यात पाण्याचा थेंब नको. वाफ जाऊ द्या, मग प्लास्टिक थेट गनाशला चिकटवून झाका, म्हणजे साय धरत नाही. बाहेरच घट्ट होऊ द्या, फ्रिजमध्ये नको. चमच्यावर उभं राहायला लागलं, की तयार.

एकदा आधी थोडं करून बघा. माझी शपथ आहे.

इथलं सगळं आहे तसंच. छतावर एक डाग आहे, तो कधी बदकासारखा दिसतो, कधी तुमच्यासारखा.

राग थोडा शिल्लक आहे, माया सगळी आहे.
सूनबाई


घर
१३ मार्च

चि. सौ. सूनबाई हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

फाटलं.

सगळं तू लिहिलंस तसं केलं. पण क्रीम गॅसवर असताना न्हावीदादा खिडकीतून काहीतरी विचारत होते, ते मला दोनदा विचारावं लागलं, तेवढ्यात क्रीम खदखदून वर आलं. तसंच ओतलं. वर ढवळलंही जोरात. बसच्या इंजिनातून तेल गळावं तसं तेल वेगळं झालं आणि खाली वाळूसारखा रवाळ लगदा. न्हावीदादांनी पावाला लावून खाल्लं आणि छान आहे म्हणाले. ते माझ्या हातचं काहीही खातात, कारण त्यांच्या घरी आठवडाभर स्वयंपाक त्यांच्याकडेच आहे.

चूक कळली. उकळतंय का हे लोक आवाजावरून ओळखतात, मला तो ऐकूच येत नाही. तेव्हा आता गॅसपाशी खुर्ची टाकून बसतो आणि पातेल्याच्या कडेवरून नजर हलवत नाही. खिडकी लावून घेतो.

पण फाटलेलं पातेलं अजून ओट्यावर आहे. टाकून देववत नाही. याचं काही होतं का, की गेलंच ते?

तू उठू नकोस. हसूही बेताने.
तुझे बाबा


इस्पितळ
१६ मार्च

तीर्थरूप बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

गेलेलं नाही. टाकू नका. दूध कोमट करा. पातेलं गरम पाण्याच्या भांड्यावर नुसतं शेकायला धरा आणि चमचा चमचा दूध घालत मधोमध हळू ढवळा. पहिल्या चमच्याला काहीच होणार नाही. दुसऱ्यालाही नाही. मग एकदम जुळून येईल. कितीदा झालंय माझं असं. तुम्हाला वाटतं माझं फाटतच नाही?

आता दुसरं. काल पुन्हा रक्त गेलं. सकाळी डॉक्टरबाई बराच वेळ उभ्या होत्या. म्हणाल्या, थांबता येईल तेवढं थांबू, पण बाळाला लवकर काढावं लागलं तर मनाची तयारी ठेवा. मनाची तयारी कशी ठेवतात ते मात्र त्यांनी सांगितलं नाही.

गेल्या वेळी बाळ गेलं तेव्हा घरात येईल तो माझ्याशी बोलत होता. देव बघतोय, अजून वय आहे, काय काय. तुम्ही एक शब्द बोलला नाहीत. रोज दुपारी माझ्या खोलीच्या दाराशी सोललेल्या डाळिंबाची वाटी ठेवून जायचात. तुमची बोटं तांबडी झालेली असायची आणि तुम्ही ती पाठीमागे लपवायचात. मी तेव्हा काही बोलले नव्हते. काल दिवसभर तेच आठवत होतं.

बाबा, मला भीती वाटते. धाकटीला सांगता येत नाही, ती रडते. यांना सांगता येत नाही, ते समुद्रात आहेत. म्हणून तुम्हाला लिहिलं.

असाच जीव लावत राहा.
सूनबाई


घर
१८ मार्च

चि. सौ. सूनबाई हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पाचव्या चमच्याला जुळलं. चकाकी अशी धरली, की त्यात स्वयंपाकघरातला दिवा दिसायला लागला. मी एकटाच होतो, तरी मोठ्याने वा म्हणालो.

भीती वाटते असं लिहिलंस ते बरं केलंस. मलाही वाटते. पण आता दोघांनाही वाटतेय, तर आपण ती ड्यूटीसारखी वाटून घेऊ. एकाच ड्रायव्हरने सलग गाडी चालवायची नसते, असा आमच्या डेपोचा नियम होता. दुपारी जेवण झालं, की तू झोपायचंस. त्या वेळची काळजी मी करीन, तू अजिबात करायची नाहीस. मी खुर्चीत बसून नीट, मन लावून करीन. संध्याकाळी तू उठलीस, की तुझ्याकडे परत.

ओट्यापाशी उभी राहून हे झालं असं तू पहिल्या पत्रात लिहिलं होतंस. आता मी त्याच ओट्यापाशी रोज उभा राहतो. ओट्याचा यात काही हात नाही. डॉक्टरबाईंना सरळ विचार, आणि त्या काय म्हणतात ते मला कळव.

माझ्या कानांचा भरवसा नाही, म्हणून फुलवाल्या बाईंचा नंबर धाकटीला देऊन ठेवलाय.

दुपार माझी, हे विसरू नकोस.
तुझे बाबा


घर
२२ मार्च, संध्याकाळ

चि. सौ. सूनबाई हिस,
अनेक अनेक आशीर्वाद.

घाईत लिहितोय, अक्षर गोड मानून घे.

दुपारी हॉलवर केक पोचवला. कपकेक चांगले झाले. टोकाला भोक पाडलेल्या पिशवीतून चॉकलेट गोल फिरवायला शिकलो, पहिले काही वाकडे होते ते मागच्या रांगेत ठेवले. मोठ्या केकची एक बाजू लिंपताना माझं बोट लागलं होतं. फुलवाल्या बाईंनी त्यावर एक फूल टेकवलं आणि म्हणाल्या, फुलं याचसाठी असतात. म्हातारीने पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि बराच वेळ उघडलेच नाहीत. सगळे घाबरले. मग तिने बशी पुढे केली.

तेवढ्यात बाईंचा फोन वाजला. त्या ऐकत होत्या आणि माझ्याकडे बघत होत्या. यंत्र कानात होतं, पण त्या क्षणी मला काहीच ऐकू येईना. त्यांच्या ते लक्षात आलं असावं. माझ्या कानाशी येऊन इतक्या जोरात ओरडल्या, की मला नात झाली हे हॉलभर सगळ्यांना माझ्याआधी कळलं. ऑपरेशन करावं लागलं, पोर मूठभर आहे, काचेच्या पेटीत ठेवलीय, पण आहे. तू आहेस. लोक टाळ्या वाजवत होते आणि मी केकसमोर उभा राहून रडत होतो. न्हावीदादांनी मला खुर्चीत बसवलं आणि सवयीने गळ्याभोवती टॉवेल गुंडाळला.

सकाळच्या पहिल्या बसने निघतोय. हे पत्र माझ्याआधी पोचणार नाही, तरी लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

उद्या भेटूच.
तुझे बाबा


इस्पितळ
२३ मार्च, धाकटीच्या हाती

तीर्थरूप बाबांना,
शि. सा. न. वि. वि.

तुम्ही खाली आलात असं धाकटी सांगत आली. मला ताप आहे, म्हणून मला तुम्हाला भेटू देत नाहीत आणि बाळापाशीही जाऊ देत नाहीत. तिला काढली तेव्हा एकदा लांबून दाखवली, तेवढीच. पण आज डॉक्टरबाईंनी सांगितलं, की ती स्वतःची ऊब स्वतः धरत नाही. दिवसातून काही वेळ कुणीतरी तिला उघड्या छातीशी धरून बसलं तर पेटीपेक्षा बरं. आई नाही तर बाप, बाप नाही तर आजोबा चालतील म्हणाल्या. मी लगेच तुमचं नाव सांगितलं.

शर्टाची बटणं पुढून उघडणारी हवीत. नखं कापा. हात कोपरापर्यंत धुवा आणि गरम करून मगच तिला लावा. तुमचे हात नेहमी गार असतात. ती निळ्या टोपीत आहे, नळ्या बघून घाबरू नका.

ओट्याचं डॉक्टरबाईंना विचारलं. त्यांनी मान हलवून नाही म्हटलं, आणि वर विचारलं, हे तुमच्या डोक्यात कुणी घातलं? कुणीच नाही म्हणाले.

मला सगळं लिहून कळवा. अगदी सगळं. ती कशी दिसते, तिचा वास कसा येतो.

सूनबाई


इस्पितळ, तळमजला, जिन्याखालचं बाक
२३ मार्च, संध्याकाळ

चि. सौ. सूनबाई हिस,
तुला आणि तुझ्या लेकीला अनेक आशीर्वाद.

धरली.

आरामखुर्ची होती. नर्सबाईंनी माझा शर्ट उघडला आणि तिला आणून छातीवर पालथी ठेवली, वरून दुलई घातली. वजन असं नाहीच. ऊनसर काहीतरी ठेवल्यासारखं वाटतं, एवढंच. डोकं माझ्या मुठीत मावतं. कान तुझ्यासारखे, चिकटलेले. नाक आमच्या घराण्याचं आहे, त्याबद्दल मी तिची क्षमा मागितली. वास विचारलास. औषधाचा येतो वरवर, पण टाळूपाशी नाक नेलं तर कोमट दुधाचा येतो.

मी श्वाससुद्धा जपून घेत होतो. मग नर्सबाई म्हणाल्या, आजोबा, नेहमीसारखा घ्या, तिला तोच हवाय. तसा घेतला. थोड्या वेळाने तिचा माझ्याबरोबर चालायला लागला. पाय आधी गार होते, ते गरम झाले. मध्येच ती रडली. यंत्रातून मांजराच्या पिलासारखा आवाज आला, पण त्याच्याआधी तो मला छातीत कळला होता. मी तिला सांगितलं, की तुझी आई वर दुसऱ्या मजल्यावर आहे, तिचा ताप उतरला, की ही जागा तिची. तोवर माझी ड्यूटी. तिने एक बोट उघडलं आणि माझ्या छातीवरचा केस धरला. चांगलाच ओढते. तब्येतीची काळजी करू नकोस.

नर्सबाईंनी मग वेळ संपली म्हणून सांगितलं. चांगलं मोठ्याने सांगितलं, दोनदा सांगितलं. मला अगदी स्वच्छ ऐकू आलं. पण हे आजोबा बहिरे आहेत, हे एव्हाना साऱ्या मजल्याला ठाऊक झालंय. मी आपली मान हलवली आणि बसून राहिलो.

ताप उतरव आणि लवकर खाली ये.
तुझे बाबा