दुसरा खवला

१२ ऑगस्ट, मंगळवार

"खानदेशातल्या विज्ञान शिक्षकांनो, आपण आयुष्यभर दुसऱ्यांनी पाहिलेलं शिकवत आलो! डोळे त्यांचे, फळा आपला!" — धुळ्याच्या भाषणाची सुरुवात हीच. ३१ तारीख, तीनशे शिक्षक. त्यांना ठणकावून सांगायचंय — पेशी कशी चालते ते आम्ही इथे पाहिलं, जळगावात, आमच्या कॉलेजच्या अंधाऱ्या खोलीत!

आजही दोन तास तिथेच होते. माशाचा एक खवला काचेच्या बशीत ठेवायचा. दुसऱ्या दिवशी त्याच्या कडेने पेशी बाहेर येतात आणि चालू लागतात. अर्धचंद्रासारख्या. पाय नाहीत, तरी चालतात! आत बारीक धाग्यांचा सांगाडा असतो. पुढच्या कडेला तो विणला जातो, मागे उसवतो, आणि पेशी सरकते. बघता बघता माझंच अंग हलकं होतं. मी बसलेय ते स्टूलच सरकतंय की काय!

१४ ऑगस्ट

माझी विद्यार्थिनी हर्षिता हिने प्रयोग पुन्हा करून दाखवला. बशीत एक औषध — अंधारात निजलेलं, निळ्या प्रकाशात जागं होणारं. जागं झालं की धाग्यांचं विणणं थांबवतं. तिने पेशीच्या पुढच्या कडेवर, डावीकडे, प्रकाशाचा ठिपका टाकला. डावी बाजू थबकली, उजवी चालत राहिली. पेशी डावीकडे वळली!

वनाभाऊ, आमचे लॅब अटेंडंट, सूक्ष्मदर्शकाला जोडलेल्या पडद्यावर बघत म्हणाले, "डावा बैल बसना, गाडी वळनी!"

मी हर्षिताला विचारलं, "औषधाविना नुसता प्रकाश — ती बशी लावली होतीस ना?"

"लावली, मॅडम. एकही पेशी वळली नाही."

शून्य! म्हणजे पेशीला वळवलं ते औषधाने, प्रकाशाने नव्हे. किती देखणं शून्य. त्याच्याच भरवशावर भाषण उभं आहे.

१८ ऑगस्ट

हर्षिता जैन घरातली. खवला काढते, तेव्हा आधी माशाला मनातल्या मनात काहीतरी सांगते. खवला परत उगवतो हे तिला ठाऊक आहे, तरी मासा टाकीत सोडल्यावर बराच वेळ बघत उभी राहते. वनाभाऊ चिडवतात — "ताई, मासाले दवाखानामा लई जाऊ का?"

२१ ऑगस्ट

पर्युषण लागलं. आठ दिवस ती माशाला हात लावणार नाही. नाही तर नाही. प्रयोग झालेलाच आहे.

आयोजक प्रेमराजभाऊंचा धुळ्याहून फोन. "ताई, पत्रकं छापून आली! 'जळगावात पेशीला वळवलं!' लाल अक्षरात."

"जरा लहान अक्षरं नाही का चालणार?"

"भाषण तुमचं आणि अक्षरं लहान? लोक म्हणतील, ताई आजारी आहेत!"

२४ ऑगस्ट

स्वप्न. धाग्यांच्या जाळ्यावरून चालत होते. मागचं उसवत होतं, आणि भीती वाटत नव्हती.

२८ ऑगस्ट, गुरुवार

पर्युषणाचा शेवटचा दिवस, संवत्सरी, झाली. हर्षिता हात जोडून सगळ्यांची क्षमा मागत फिरली — "मिच्छामि दुक्कडम्." वनाभाऊ लाजले. "माले कसानी माफी मांगस? तुले तं मीच चिडावस!"

मग टाकीसमोर उभी राहिली. वळून म्हणाली, "मॅडम, एक राहिलं. औषधाविनाच्या बशीत नवा खवला नव्हता. एकाच दिवशी त्या माशाचा दुसरा खवला काढवेना. चार दिवसांची जुनी बशी पडली होती, तीच लावली."

चार दिवसांच्या पेशी! दमून जागच्या जागी थांबलेल्या. जी चालतच नाही ती वळेल कशी?

खूप रागवायचं होतं. पण ती बशी कधीची, हे मीच कुठे विचारलं? प्रश्न विचारा, प्रश्न विचारा म्हणून गावोगाव ओरडत हिंडणारी मी.

२९ ऑगस्ट

आज तिने दोन खवले काढले. मी मासा धरला.

३० ऑगस्ट

बशीत औषध नाही. पेशी सुरेख चालत होत्या, संथ पाण्यातल्या होड्यांसारख्या. क्षणभर वाटलं, नको टाकायला तो ठिपका. अशाच जाऊ देत.

टाकला. पहिली थबकली, वळली. दुसरी. तिसरी. पंधरांतल्या अकरा.

"मॅडम, दवाई नही, तरी बी वळी राहिनात!" वनाभाऊ हळूच म्हणाले. हर्षिता रडत होती.

म्हणजे आमचा प्रकाशच त्यांना पोळत होता. औषधाचं काम किती आणि भाजल्याचं किती, आज कोण सांगणार!

प्रेमराजभाऊ फोनवर — "ताई, पत्रकं वाटून झाली! तिथे कोण दुर्बीण लावून बसलंय? कोणाला कळणार आहे?"

खरंच आहे. कोणालाही कळणार नाही.

३१ ऑगस्ट, धुळे

पत्रक वाचून दाखवलं. म्हटलं, हे सिद्ध झालेलं नाही. चूक माझी, कारण मी विचारलं नाही. मग एवढंच बोलले आणि खाली बसले — "जो प्रयोग तुम्ही वर्षानुवर्षं नुसता फळ्यावर शिकवला, तो एक प्रयोग उद्या पहिल्या तासाला मुलांसमोर करा. उत्तर आधी सांगू नका."