खुराड्याची जागा (अंतिम)

१४ ऑगस्ट
ठाण्याहून भाऊचा फोन. थोरला आहे म्हणून काय वाटेल ते बोलतो. वाटणीत घर मला आलं, मागचं परस त्याच्या नावावर. आजवर ढुंकून पाहिलं नाही. आता मागच्या गोडाउनवाल्याला टेम्पो उभे करायला जागा हवी, तर लगेच परस आठवलं. म्हणाला, तुम्ही तिथे काही करत असाल तर वापरा खुशाल. पण दसऱ्याला येईन तेव्हा रिकामं दिसलं तर देऊन टाकीन.

सरोजिनीच्या डोळ्यांत पाणी. लग्न होऊन अंजूरला आल्यापासून सकाळचा चहा ती परसात पिते, स्वयंपाकघराच्या दाराशी, शेवग्याखाली. मी धीर दिला. कोंबड्या पाळायच्या, परसात खुराडं बांधायचं. जागा वापरात आली की भाऊची बोलती बंद. (कोंबड्या हा शब्द आधी तिने काढला. पण योजना माझी.)

१७ ऑगस्ट
अंबाडीहून मेव्हणीने चार कोंबड्या आणि एक कोंबडा पाठवला. तूर्त बाथरूममध्ये. सरोजिनी म्हणते, खुराडं शेवग्याखाली ठेवा, दारातून लक्ष राहील. बायकांची अक्कल! जागा दारातून दिसते म्हणून योग्य? मी जन्मभर भिवंडीच्या शाळेत भूगोल शिकवला. वारे, ऊन, उतार, पाण्याचा निचरा, सगळं बघावं लागतं. परसाचा नकाशा काढायला घेतला. प्रमाणबद्ध.

जान्या आला होता. पलीकडच्या पाड्यावरचा, मजुरीला येतो. खांब कुठं रोवू विचारत होता. त्याला म्हटलं, आधी अभ्यास, मग खांब. दोनदा चहा पिऊन गेला.

२२ ऑगस्ट
जागा 'अ' : पश्चिमेची भिंत. अंतिम. जान्याने खांब रोवले.

संध्याकाळ : पश्चिमेकडून पाऊस तिरका आत येतो. नैऋत्य मोसमी वारे! हे मला आधीच माहीत होतं, फक्त खात्री करून घेतली. खांब उपटायला सांगितले.

२६ ऑगस्ट
उद्या गणपती. पाहुणे येणार, बाथरूम लागणार. कोंबड्या माझ्या खोलीत. अभ्यास करणाऱ्या माणसाची खोली कोंबड्यांना द्यायची, ही या घरातली माझी किंमत.

३० ऑगस्ट
आरती चालू असताना कोंबडा आरवला. शेजारचे हिरामण फिदीफिदी हसले. भजनात एक ओळ सुरात येत नाही, पण हसायला पुढे. एका कोंबडीने नकाशांच्या पेटीत अंडं घातलंय. आफ्रिकेवर. सरोजिनीला कौतुक.

५ सप्टेंबर
शिक्षक दिन. जुना विद्यार्थी भावेश पेढे घेऊन आला. राहनाळला गाड्या भरायचं कंत्राट घेतो, गळ्यात जाड चेन. परसात उभा राहून म्हणाला, सर, शेवग्याखाली मस्त जागा आहे की. याला मी नववीत दया म्हणून पस्तीस दिले होते. पस्तीसवाल्याला जी जागा सुचते ती चुकीचीच असणार. शेवगा आता कायमचा बाद. पेढे चांगले होते.

११ सप्टेंबर
जागा 'ब' : ईशान्य कोपरा. सकाळचं कोवळं ऊन, उंचवटा, निचरा उत्तम. अंतिम. खांब रोवले.

१२ सप्टेंबर
गोडाउनचा फ्लडलाइट नेमका त्याच कोपऱ्यावर. कोंबड्यांना दिवस-रात्र कळणार कशी? भूगोलात हा मुद्दा प्राथमिक आहे. खांब उपटले. जान्याने कपाळाला हात लावला. अडाण्याला प्रयोगाची किंमत नसते.

१९ सप्टेंबर
जागा 'क' आणि 'ड'. दोन्ही अंतिम होत्या. 'क'मध्ये मुंग्या. 'ड'मधून हिरामणच्या बायकोचे वाळत घातलेले कपडे दिसतात, उगाच तंटा नको.

जान्या काम सोडून गेला. खांब रोवाया तयार हाय, उपटाया न्हाय, असं तोंडावर बोलला. राहनाळच्या गोडाउनात ड्युटी मिळालीय म्हणे. मिळू दे. शिस्त नाही, टिकणार नाही. (भावेशनेच लावला. पस्तीस गुण!)

२४ सप्टेंबर
फार मोठा शोध. पावसाळा सरतोय. ऑक्टोबरात वारे उलटे फिरतात! म्हणजे आताच्या वाऱ्यावर निवडलेली कुठलीही जागा चुकलीच असती. खांब उपटले ते किती बरं झालं. निर्णय : वारा फिरेपर्यंत काहीही करायचं नाही.

सरोजिनीला सांगितलं. ती म्हणाली, अहो, दसरा आठवड्यावर आला, भाऊजी येतील. नुसती चार लाकडं ठोका, वर पत्रा टाका, वाटलं तर पुढे हलवा. मी म्हटलं, भाऊ शिकलेला आहे, नकाशा बघून गप्प होईल. ती म्हणाली, मला नकाशा नको, मला माझं परस हवंय. मग स्वतःच हातोडी शोधत होती. हातोडी जान्या घेऊन गेलाय. आणून दे म्हणून निरोप पाठवलाय.

२ ऑक्टोबर
दसरा. भाऊ आला. परसात फिरलो. नकाशा दाखवला, अ ते फ, वाऱ्यांचे बाण लाल शाईत. बराच वेळ बघून म्हणाला, अक्षर अजून सुंदर आहे तुझं. मग कोंबड्या कुठेत विचारलं. खोलीचं दार उघडलं. कोंबडा पृथ्वीच्या गोलावर बसला होता.

भाऊ म्हणाला, परसात तर काहीच नाही. मी ठणकावून सांगितलं, परस रिकामं नाही, विचाराधीन आहे. तो खिडकीतून बघत राहिला. म्हणाला, टेम्पो यायच्या आधी ते खड्डे तेवढे बुजवून घ्यायला हवेत.

सरोजिनीने त्याच्या हातावर सोनं ठेवलं, पाया पडली आणि आत गेली. हातोडी आज परत आली.

१० ऑक्टोबर
परसात खडी, वर रोलर. शेवगा तोडला. वॉचमनसाठी पत्र्याची केबिन आणली आणि विटांवर ठेवली. कुठे? स्वयंपाकघराच्या दारासमोर, शेवगा होता तिथेच. ना होकायंत्र, ना नकाशा. ठेकेदार टेम्पोतून उतरला, बोट दाखवलं, संपलं. अशाच लोकांनी देश भरलाय. वाऱ्याची कल्पना द्यायला गेलो, तर म्हणाला, अंकल, गाडी रिव्हर्स येतेय, बाजूला व्हा.

१३ ऑक्टोबर
कोंबड्या खोलीबाहेर सोडल्या. सरळ केबिनखाली शिरल्या. तिथे सावली आहे, वारा नाही, पाणी साचत नाही. संध्याकाळी बोलावलं, आल्या नाहीत.

१६ ऑक्टोबर
सरोजिनी सकाळी चहाचा कप घेऊन दारात उभी. मी खिडकीतून पाहत होतो. वॉचमनला विचारत होती, भैया, इधर थोडा बैठूँ क्या? तो बिचारा उठून स्टूल द्यायला लागला. ती बसली नाही, आत आली. मला कसंतरीच झालं. बाईने परवानगी मागण्यासारखं काय होतं त्यात?

महिनाभर टोमणे मारत होती, आता एक शब्द नाही. टोमणे बरे होते.

१७ ऑक्टोबर
वॉचमनने खिडकीच्या गजांतून अंडं दिलं. मास्टरजी, आपकी मुर्गी का. जागा उत्तम निघाली, हे त्यालाही पटलेलं दिसतं. वास्तविक ही जागा माझ्या नकाशात आहे, 'फ'. (बाद केलेली, पण आहे.) दुपारी सरोजिनीला नकाशावर दाखवली. तिने पाहिली नाही.

रात्री तिने अंड्याचं हाफ-फ्राय करून माझ्यापुढे ठेवलं. स्वतःला घेतलं नाही. का विचारलं, तर म्हणाली, परक्याच्या जागेतलं आहे. अंडं कोंबडीचं असतं, जागेचं नसतं, हे नीट समजावणार होतो. पण तिने परसाकडचं दार लावलं, कडी घातली आणि झोपायला गेली.

मीठ कमी होतं. सांगितलं नाही.